फक्त दोघांचं जेवण

संकल्प ही माणसाजवळची अशी एकमेव गोष्ट आहे, की जी वापरली नाही तर वाढत जाते. ज्यानं पहाटे उठण्याचा संकल्प केला आणि जो खरोखरच उठला, त्याच्याजवळ आता काही उरलं नाही. जो झोपून राहिला, त्याचा संकल्प शाबूत आहे, आणि उद्याचा मिळून दोन झाले. या हिशेबानं आमचं चौसाळा फार संपन्न आहे. आमच्या पाहणीनुसार (पाहणी चहाच्या टपरीवर बसून करण्यात आली) शंभरातले ब्याण्णव संकल्प दुपारच्या जेवणापर्यंत मोडतात. उरलेले आठ उपवासाचे असतात, ते साबुदाणा भिजेपर्यंत टिकतात.

गावचे माजी उपसरपंच विजयसिंहदादा यांचे तीन संकल्प प्रसिद्ध आहेत. पहिला गुटखा सोडण्याचा. तो त्यांनी शाळेच्या मैदानावर माइकवरून केला, आणि मधेमधे थुंकायला थांबावं लागल्यामुळे भाषण फार परिणामकारक झालं. दुसरा, रोज सकाळी हायवेपर्यंत फिरायला जाण्याचा. तो ते मोटारसायकलवरून नियमानं पाळतात. तिसरा खाजगी स्वरूपाचा असून दरवर्षी मे महिन्यात, लग्नाच्या वाढदिवशी, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून केला जातो.

"यंदा आपून दोघंच जायचं जेवायला. तिसरं कुनी न्हाई."

त्यावर वनमालावहिनी "बरं" म्हणतात. वहिनींना साडी नको, दागिना नको (हे दादांनीच आम्हाला अभिमानानं सांगितलं आहे). आपल्या आवडीचं काहीतरी मागवावं, समोर नवरा बसलेला असावा, आणि दोघांनी ते गरम असताना खावं, एवढंच त्यांना लग्न झाल्यापासून हवं आहे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. इतकी लहान मागणी करणारा मतदार दादांना अजून भेटलेला नाही, आणि बहुधा म्हणूनच ती पुढच्या वर्षावर ढकलणं सोपं जातं.

दोघांचे तीस कसे होतात, याची कार्यपद्धती परगावच्या वाचकांसाठी देतो. संध्याकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून बैठकीत येतात. तिथं आम्ही बसलेलो असतो. (आम्ही कायमच बसलेलो असतो.) भरल्या बैठकीतून जेवायला निघालेल्या माणसानं "चला जेवायला" न म्हणणं याला आमच्याकडं वैर समजतात, म्हणून दादा म्हणतात. त्यावर "न्हाई दादा, व्हऊ द्या तुमचं" असं सांगणं हे आमचं कर्तव्य ठरतं. परंतु एकदाच विचारलं तर ते वरवरचं दिसतं, म्हणून दादांना दुसऱ्यांदा विचारावं लागतं. आणि दुसऱ्यांदा विचारूनही बसून राहिलं तर दादांचा अपमान होतो. आम्ही दादांचा अपमान आजवर होऊ दिलेला नाही. मग वाटेत जो जो भेटतो त्यालाही हीच पद्धत लागू होते. यात दोष कुणाचाच नाही, हे नमूद करतो.

यंदाही सगळं रीतसर झालं. चौकात शुभेच्छांचा फ्लेक्स लागला होता, त्यावर आम्हा सर्व शुभेच्छुकांचे फोटो होते. वहिनींचा जागेअभावी घेता आला नाही. गाडीत पुढं दादा आणि ड्रायव्हर, मधल्या सीटवर आम्ही, आणि मागं वहिनी. बाकीची मंडळी मोटारसायकलींवर. चाकात हवा भरायला हैदर मिस्त्रींच्या गॅरेजवर थांबलो, तेव्हा दादांनी त्यांनाही विचारलं.

"न्हाई दादा. घरी अनिसा वाट बघायलीय."

"चला हो मिस्त्री."

"न्हाई म्हनलं ना. ती माझ्याबिगर जेवत न्हाई, अन् मलाबी तिच्याबिगर ग्वाड लागत न्हाई."

दुसऱ्यांदा विचारल्यावर नकार, हा आमच्या भागातला पहिलाच प्रकार असावा. गाडीत मिस्त्रींचं वळण बिघडलं आहे यावर आमचं एकमत झालं. वहिनी काच खाली करून मागं गॅरेजकडं बघत होत्या. उकाडा होता.

हायवेवरच्या त्या ढाब्याला बाहेर लांबलचक टेबलं आहेत आणि आत पडदा लावलेली खोली. खोलीवर 'फक्त फॅमिलीसाठी' अशी पाटी आहे. आम्ही फॅमिली नसल्यामुळे बाहेर बसलो, आणि दादा आमच्याबरोबर असल्यामुळे तेही बाहेर बसले. फॅमिली म्हणून वहिनी आत एकट्या बसल्या. नियम तो नियम. आत काय पाठवायचं ते दरवर्षी दादाच बाहेरून सांगतात: शेवभाजी, तिखट. वहिनींना पित्ताचा त्रास आहे, पण शेवभाजी दादांना फार आवडते.

यंदा मात्र घोटाळा झाला. सटवा नावाचा वेटर नवीन होता. चांगला पन्नाशीचा माणूस, पण अनुभव नाही. तो सरळ पडदा सारून आत गेला आणि त्यानं वहिनींनाच विचारलं, "ताई, तुमाला काय आनू?"

मग वहिनींनी आपल्या मनानं दोघांपुरतं मागवलं. दोन ताटं आत गेली. थोड्या वेळानं सटवा बाहेर येऊन दादांपाशी वाकला.

"ताईनं तुमचं ताट मांडलंय. निवायच्या आत या म्हनल्या."

दादांचा घास हातातच राहिला. त्यांचा वहिनींवर जीव आहे. वहिनी आजारी होत्या तेव्हा हा माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलेला मी पाहिला आहे. ते उठले. हात धुतला, शर्ट नीट केला आणि खोलीकडं निघाले. पडद्याला हात लावला आणि थबकले. मागं भरलं टेबल होतं, आणि आम्ही सगळे बघत होतो.

"चला की आत," दादा म्हणाले.

"न्हाई दादा," मी म्हणालो. "व्हऊ द्या तुमचं."

माझं काम मी चोख केलं होतं. तेव्हाच दादा आत गेले असते तर गेले असते. पण माणूस संस्कारी.

"आसं कसं? चला, चला."

आम्ही उठलो.

सहा खुर्च्यांच्या खोलीत तीस माणसं मावतात, असा अनुभव आला. वहिनींनी आमच्याकडं पाहिलं, मग दादांकडं. आणि त्या उठल्या. कारण पाहुणे उभे असताना घरच्या बाईनं बसून जेवायचं नसतं, मग ते घर ढाब्याचं का असेना. "या, बसा," म्हणाल्या. पदर खोचला, सटवाच्या हातातली भाकरीची टोपली घेतली आणि वाढायला लागल्या. मांडलेल्या दोन ताटांपैकी एकावर मला बसवण्यात आलं, दुसऱ्यावर ड्रायव्हरला. "भावजी, लाजू नका," वहिनी म्हणाल्या. दादा दाराशी उभे होते. त्यांना जागा उरली नव्हती.

जेवणं आटोपल्यावर दादांनी सर्वांसमक्ष संकल्प जाहीर केला, की पुढच्या वर्षी दोघंच. आम्ही टाळ्या वाजवल्या. वहिनी "बरं" म्हणाल्या नाहीत. त्या टेबल पुसत होत्या.

वाचकहो, तुम्हाला आमचं हसू आलं असेल. वहिनींची कीवही आली असेल, ते तुमच्या चांगुलपणाला शोभतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपल्या मनानं जे मागवलं, ते काय होतं हे मी कुठंच लिहिलेलं नाही. मी ते खाल्लं, पण लक्ष दिलं नाही. दादांनी विचारलं नाही. आणि तुम्ही इथवर आलात, तुम्हीही विचारलं नाहीत.