तोंडात कलम धरून चालणारे नरसय्या

दुपारी नरसय्या रस्त्यात भेटले, तर त्यांना नमस्कार करायचा नाही, असा आमच्या गल्लीचा नियम आहे. ते उत्तर देत नाहीत. ओठ घट्ट मिटलेले आणि एक हात आडवा. त्या हाताचा अर्थ, तोंडात कलम आहे, सांडेल.

मुलांनो, हे कलम टॉवेल तपासण्याच्या परदेशी नियमपुस्तकातलं. आपल्या देशाची अशी पुस्तकं फुकट वाचता येतात. पण अक्कलकोट रोडच्या टॉवेल विणणाऱ्या सलीमची पहिली मोठी ऑर्डर परदेशची, आणि तिकडच्या गिऱ्हाइकाची अट अशी की माल तिकडच्याच नियमाने तपासा, नाहीतर ऑर्डर रद्द. तुम्ही म्हणाल, आजी, एका क्लिकवर मिळतं. मिळतं, पण चार माग चालवणाऱ्याला परवडेल अशी त्या पातळशा पुस्तकाची किंमत नाही. इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्याची प्रत आहे. तिथे बसून वाचा म्हणतात. झेरॉक्स, फोटो आणि वहीपेन मात्र बंद.

म्हणून नरसय्या रोज एक कलम पाठ करतात, तसेच चालत माझ्याकडे येतात आणि दारातूनच धाडधाड म्हणून टाकतात. इंग्रजी त्यांना बेताचंच. तेलुगू हेलातलं ते इंग्रजी मी उतरवून घेते आणि मराठीत समजावते. मग चहा. तोही रोज त्याच कपात. "स्टँडर्ड म्हंजे स्टँडर्ड, बाई."

एकदा तुमच्या मावशीआजीने वाटेत त्यांना एसटी स्टँडचा रस्ता विचारला. त्यांनी अगदी सविस्तर सांगितला. मग कपाळावर हात मारून पुन्हा ग्रंथालयात. "रस्ता सांगितला आन् कलम सांडलं की!"

पुस्तक अर्धंच उतरलं होतं, तरी तपासणी जोरात. माझा नवाकोरा टॉवेल त्यांनी बादलीत टाकला आणि घड्याळ धरलं. चांगला टॉवेल झटकन पाणी पिऊन बुडतो. माझा तरंगत राहिला. "ह्यो टॉवेल न्हाय बाई, होडी हाय!"

शेवटी मी विचारलंच, "नरसय्या, तुमचे माग विकून वर्षं झाली. सलीमसाठी एवढी हमाली कशाला?"

त्या दिवशीचं कलम माझ्या वहीत होतं: नमुना आधी धुऊन वाळवावा, मगच तपासावा. नरसय्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"आमालाबी अशीच आर्डर आलती. आमी कोरेच टॉवेल बादलीत टाकले. तरंगले. मला वाटलं, मालच खोटा. आर्डर सोडली. बायकू म्हनत हुती, एकदा धुऊन तरी बगा. मी म्हनलं, तुला काय कळतंय?" बोट त्या ओळीवरच होतं. "माल लई चांगला हुता की, बाई."

मी माझा टॉवेल धुवायला टाकला. दुसऱ्या दिवशी, खळ निघून वाळल्यावर, तो बादलीत दगडासारखा बुडला.

सलीमने माल धुऊन तपासला, पाठवला. महिन्याभराने धावत आला. "चचा, पास हो गया!" नरसय्या नुसतेच हसले. मग मला म्हणाले, "ती धुऊन वाळवायची ओळ एका कागदावर लिवून द्या की. मराठीत. मोठ्या अक्षरात."

मी लिहून दिली. मला वाटलं, सलीमच्या कारखान्यात लावणार.

परवा त्यांच्या घरी गेले होते. कागद बायकोच्या हार घातलेल्या फोटोसमोरच्या भिंतीवर चिकटवलेला होता, तिला वाचता येईल असा.