सहाव्या ट्रॅकमधले नऊ सेकंद

गुरुवारी दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून एल्मर तेरुएलने काउंटरमागे बसून एका अल्बमवरचा अभिप्राय लिहून काढला. अल्बम त्याने ऐकलेला नव्हता. ऐकणं शक्यही नव्हतं, कारण तो यायचा होता दुसऱ्या दिवशी चार वाजता.

एल्मर हा तसा खोटं बोलणारा माणूस नव्हे. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, हारो चौकाजवळच्या त्या दुकानात तो चौदा वर्षं लोकांचे नंबर काढत होता, आणि ज्याला चष्म्याची गरज नाही त्याला तसं स्पष्ट सांगून घरी पाठवत होता. त्यावरून मालकीणबाई मानांग पेर्लिता, म्हणजे पेर्लिताताई, त्याला अधूनमधून सुनावायचीही. पण बॉम्बिल्याचा विषय निघाला की त्याचा तोल जायचा. बॉम्बिल्या म्हणजे समोरच्या बेटावरच्या बाकोलोदचा संगीतकार; खरं नाव आर्नुल्फो. साखर कारखान्यातल्या यंत्रांचे आवाज टिपायचे, ते कापून जोडायचे आणि वर संगणकातले ठोके चढवायचे, असं त्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत. सात वर्षांत दोन सुटे ट्रॅक सोडले तर त्याचं काही आलं नव्हतं. आता ‘मुस्कोवादो’ (म्हणजे कच्ची साखर) नावाचा पुरा अल्बम येणार होता, आणि चाहत्यांच्या फोनवरच्या गटात, जिथे दोन हजार माणसं होती, महिनाभर दुसरा विषय नव्हता. मुखपृष्ठावरच्या उसाच्या कांड्या नऊ आहेत की दहा, यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

गटात खरा मान असायचा तो पहिल्या अभिप्रायाला, आणि पहिला अभिप्राय हमखास जुन्रेय माग्बानुआचा असायचा. चोवीस वर्षांचा हा पोरगा ऐकता ऐकताच लिहायचा. एल्मरचं तसं नव्हतं. तो तीनदा ऐकायचा, जेवायचा, विचार करायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिहायचा. मागच्या ट्रॅकच्या वेळी त्याच्या अभिप्रायाखाली जुन्रेयने विचारलं होतं, “एल्मर, तू अजून ऐकतोयस?” त्यावर दीडशे माणसं हसली होती. जुन्रेय आपल्याहून बारा वर्षांनी लहान आहे आणि आपल्याला साधं ‘नोंग’, म्हणजे दादा, असंही म्हणत नाही, हे एल्मरच्या मनात तेव्हापासून सलत होतं.

म्हणून या वेळी त्याने आधीच लिहायला घेतलं. सातही ट्रॅकची यादी जाहीर झाली होती, आणि बॉम्बिल्याची रीत त्याला तोंडपाठ होती. पहिला ट्रॅक संथ असणार, तिसऱ्यात कारखान्याची शिट्टी येणार, शेवटचा लांबणार. तसं त्याने लिहिलं. अडलं ते सहाव्यापाशी, कारण सहाव्याला नावच नव्हतं, नुसती एक आडवी रेघ होती. एल्मर रेघेकडे बघत बसला. तेवढ्यात काचा धुण्याचं यंत्र बंद पडलं, दुकान एकदम शांत झालं, आणि बाहेरून एक तीनचाकी रिकाम्या बाटल्यांचे क्रेट घेऊन खड्ड्यातून गेली. त्याने लिहिलं: ‘सहाव्यात सगळं थांबतं. नऊ सेकंद काहीच नाही. मग रिकाम्या बाटल्यांचा क्रेट खुळखुळतो, लांबून, कुणीतरी तो घरी घेऊन चालल्यासारखा. इथे मला माझे वडील आठवले.’ त्याचे वडील पोस्टात होते आणि बाटल्यांशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, पण वाक्य झालं होतं चांगलं.

अभिप्राय शुक्रवारी चार पन्नासला आपोआप गटावर पडेल अशी सोय त्याने फोनमध्ये करून ठेवली. चारला ऐकायला बसायचं, काही चुकलं असेल तर तेवढं दुरुस्त करायचं, असा त्याचा हिशेब होता.

शुक्रवारी मानांग पेर्लिता त्याला तिग्बावानच्या एका शाळेत मुलांचे डोळे तपासायला घेऊन गेली. कामाच्या वेळी फोन पिशवीत, हा तिचा नियम. साडेतीनला सुटू असं ती म्हणाली होती, पण मुलांची रांग संपल्यावर मास्तर मंडळी रांगेत उभी राहिली. एल्मरच्या हातात फोन आला तो साडेपाचला, परतीच्या जीपनी बसमध्ये. तेव्हा त्याला दोन गोष्टी लागोपाठ कळल्या. दुपारी दोन वाजता बॉम्बिल्याने काही कारण न देता अल्बम तीन आठवडे पुढे ढकलला होता. आणि चार पन्नासला एल्मरचा अभिप्राय मात्र ठरल्यासारखा गटावर पडला होता.

खाली चारशेच्या वर उत्तरं होती. याला अल्बम आधीच मिळाला, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. वाद होता तो फक्त कुणाकडून मिळाला यावर. जुन्रेयने लिहिलं होतं, “नोंग, तुम्हाला कुठून मिळाला?” एल्मरने ती ओळ दोनदा वाचली. नोंग, आणि वर तुम्ही.

तरीही त्याने प्रामाणिकपणे ‘चूक झाली’ असं लिहायला सुरुवात केली. तेवढ्यात आंतिकेहून मानांग सेलेस्तेचा निरोप आला. ही निवृत्त शिक्षिका, गटातली सगळ्यात वयस्कर चाहती. तिने लिहिलं होतं की तिचे वडील बाटल्यांचा ट्रक चालवायचे. तोतो एल्मरचा, म्हणजे एल्मरबाळाचा, सहावा ट्रॅक वाचून ती अर्धा तास पायरीवर बसून रडली, आणि किती तरी वर्षांनी तिला बरं वाटलं. अशा बाईला काय सांगणार? एल्मरने ‘चूक झाली’ खोडलं आणि फोन पिशवीत टाकला. तो गप्प आहे म्हणजे त्याने कुणाला तरी शब्द दिलेला आहे, असा गटाने अर्थ काढला आणि त्याच्याबद्दलचा आदर आणखी वाढला.

सोमवारपासून चाहते दुकानात यायला लागले. सरळ विचारायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून ते डोळे तपासून घ्यायला खुर्चीत बसायचे.

“पहिली ओळ वाचा,” एल्मर म्हणायचा.

“ई. नोंग, सहावा ट्रॅक मोठा आहे का?”

“दुसरी ओळ.”

“एफ, पी. शिट्टी तिसऱ्यात नक्की किती वेळा होते?”

“दोनदा,” एल्मर म्हणाला. मग दुसऱ्यालाही दोनदाच सांगता यावं म्हणून त्याने ते चिठ्ठीवर टिपून ठेवलं. बुधवारपर्यंत तीन चिठ्ठ्या भरल्या. मानांग पेर्लिता आधी गर्दी बघून खूश झाली, पण अकरा माणसं येऊन एकानेही चष्मा घेतला नाही हे लक्षात आल्यावर तिने एल्मरला बजावलं, की यापुढे खुर्चीत बसलेला माणूस चष्म्याशिवाय उठता कामा नये. गंमत अशी की त्यातल्या चौघांना खरोखरच चष्मा लागला. त्यात जुन्रेयही होता, सिलिंड्रिकल नंबर, उणे दीड. कांड्या नऊ आहेत म्हणून भांडणारा तोच. चष्मा लावून त्याने मुखपृष्ठ पाहिलं, दहा मोजल्या आणि दुसऱ्या पार्टीची माफी मागितली.

इथवर सगळं निभावलं असतं. पण गुरुवारी सकाळी संगीत कंपनीतल्या सेल्सो नावाच्या माणसाचं पत्र आलं. अल्बमची प्रत तिघांकडेच आहे, त्यात पहिला संशय ध्वनिमुद्रण करणाऱ्या रोसेलवर आहे, तिचं काम थांबवलं आहे, तुम्हाला प्रत तिनेच दिली का ते कळवा, असं त्यात होतं. कुठल्या तरी अनोळखी बाईची भाकरी आपल्या एका वाक्यापायी जाणार, हे कळल्यावर एल्मरला जेवण गेलं नाही. पत्राने उत्तर देण्याची त्याला लाज वाटली. शनिवारी त्याने सुट्टी मागितली, सकाळची पहिली बोट पकडली आणि बाकोलोद गाठलं.

बॉम्बिल्या अंगणात नुसत्या बनियनमध्ये उभा राहून कोंबड्यांना दाणे टाकत होता. ज्याच्या एका ठोक्यावर दोन हजार माणसं आठवडाभर चर्चा करतात तो हा, यावर एल्मरचा विश्वास बसेना. पण विश्वास बसायची वाट न बघता त्याने फाटकातच उभं राहून सगळं सांगून टाकलं: दुकान, तीनचाकी, चार पन्नास, मानांग सेलेस्ते, चिठ्ठ्यासुद्धा.

“म्हणजे तुम्ही काहीच ऐकलेलं नाही,” आर्नुल्फो म्हणाला.

“नाही, सर.”

“ते मला माहीत होतं. सहावा ट्रॅक कुणी ऐकणं शक्यच नाही. तो झालेलाच नाही.”

एल्मर म्हणाला की यादीत रेघ तर होती.

“नाव सुचलं नाही म्हणून ती रेघ नव्हती. ट्रॅकच सुचला नाही म्हणून होती. तारीख पुढे ढकलली ती त्यापायीच.” आर्नुल्फोने उरलेले दाणे झटकले. “रोसेलचं मी काल सेल्सोला सांगितलंय. ती आत बसलीय. तुमची वाटच बघत होतो म्हणा ना. तुम्ही आला नसता तर आज मीच पत्ता काढत होतो.”

“पोलिसात द्यायला?”

“विचारायला. बाटल्या कसल्या होत्या? कोल्ड्रिंकच्या की बियरच्या?”

एल्मरने सांगायचा प्रयत्न केला की ते आपण आपलं सहज लिहिलं होतं. आर्नुल्फो म्हणाला की सात महिने विचार करून काही झालं नाही, आता सहज लिहिलेलंच चालेल. तेवढ्यात रोसेल बाहेर आली. बारीक चणीची, गळ्यात हेडफोन, हातात वही. तिने एल्मरला नमस्कार केला नाही.

“माझा आठवडा तुम्ही खाल्लात,” ती म्हणाली. “आता सांगा, ते नऊ सेकंद कुठून मोजायचे?”

कोपऱ्यावरच्या दुकानातून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांचा क्रेट आणला. तो उचलून फाटकापासून वळणापर्यंत चालायचं काम रोसेलने एल्मरलाच दिलं. त्याने चालायचं, तिने ऐकायचं आणि परत पाठवायचं. उन्हात त्याच्या सोळा फेऱ्या झाल्या. “आणखी लांबून,” ती म्हणायची. “तुम्हीच लिहिलंय, लांबून.” शेजारची एक म्हातारी बाई खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसली. दहाव्या फेरीला तिने विचारलं की पाणी हवं का, आणि हे लोक पगार तरी नीट देतात का.

निघताना एल्मरने हात जोडून परवानगी मागितली: गटावर सगळं खरं सांगून टाकतो. आर्नुल्फोने जरा विचार केला.

“सांगितलंत तर लोक विचारतील, मग क्रेट अल्बममध्ये आला कसा. माझा ट्रॅक माझ्या आधी चष्म्याच्या दुकानात सुचला, हे मी कुठे कुठे सांगत फिरू? गप्प बसा. एवढे दिवस बसलातच ना?” आणि त्याने वाटेत खायला गरम पियायांची, म्हणजे गुळाचं सारण भरलेल्या पोळ्यांची, पिशवी दिली. बोटीवर पियाया खाताना एल्मरच्या लक्षात आलं, की आता आपण खरोखरच शब्द दिलेला आहे.

दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, अल्बम आला. ला पाझ बाजारातल्या एका बाचोयच्या, म्हणजे शेवयांच्या सूपच्या, दुकानात इलोइलोचे तीसेक चाहते चारच्या आधीच जमले. मानांग सेलेस्ते आंतिकेहून बस करून आली होती. जुन्रेयने आपला स्पीकर टेबलाच्या मधोमध ठेवला आणि त्याच्यासमोरची खुर्ची एल्मरला दिली. सगळ्यांनी बाचोय मागवला, पण वाडग्यांना कुणी हात लावला नाही.

पहिला ट्रॅक संथ निघाला. लोकांनी एल्मरकडे बघून माना डोलावल्या. तिसऱ्यात शिट्टी आली नाही. ती पाचव्यात आली, एकदाच. “जागा बदलली,” कुणीतरी हळहळत कुजबुजलं. मग सहावा लागला, सगळे आवाज तुटले आणि दुकान गप्प झालं. नऊ सेकंद. मग लांबून क्रेट खुळखुळायला लागला.

एल्मर मन लावून ऐकत होता. त्याला वडील आठवायला हवे होते. आठवलं ते वळणावरचं ऊन, भरून आलेला दंड आणि पाणी देणारी म्हातारी. क्रेटखाली त्याच्या स्वतःच्या चपलांची फरफटही ऐकू येत होती.

सातवा संपल्यावर पहिलं कोण बोलणार, असं झालं. मानांग सेलेस्तेने रुमालाने तोंड पुसलं. “चांगलंय,” ती म्हणाली. “पण माझे वडील नाही आले.”

त्याबरोबर सगळ्यांची तोंडं सुटली. शिट्टी दोनदा हवी होती. क्रेट फार स्वच्छ वाजतो. आधीच्या रूपात जी वाट बघायला लावणारी गोष्ट होती ती गेली. शेवटी जुन्रेयने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तीन आठवड्यांत त्यांनी सगळं बदललंय,” तो म्हणाला. “नोंग, खरं सांगा. तुम्ही ऐकलं होतं ते असं नव्हतं ना?”

“जुन्रेय, आधी वेगळं असं काही नव्हतंच.”

एल्मरने हे अगदी मनापासून सांगितलं. पण सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या, आणि मानांग सेलेस्तेने त्याच्या हातावर हात ठेवून सांगितलं की तोतो, तू अडकलायस, आम्हाला कळतं. जुन्रेयने बिलामागचा कोरा कागद घेतला आणि तिथेच पत्र लिहिलं. नवा अल्बम आम्ही आदराने ऐकला. परंतु मूळ रूप जास्त अस्सल होतं. ते चाहत्यांसाठी जसंच्या तसं प्रसिद्ध करावं, ही नम्र विनंती. कागद टेबलावरून फिरायला लागला. जिने बॉम्बिल्याचं सहा सेकंदांच्या वर कधी काही मन लावून ऐकलं नसेल अशा दुकानाच्या मालकिणीनेही सही केली.

कागद एल्मरपुढे आला तेव्हा सगळे दुसरीकडे बघायला लागले, त्याला अवघड वाटू नये म्हणून. त्याने पेन हातात घेतलं. त्याला आठवलं, त्या गुरुवारी दुपारी दुकानाबाहेरून गेलेला क्रेट किती हलका वाजला होता, किती लांबचा, आणि खरंच कुणीतरी घरी नेत असल्यासारखा. खरं सांगायचं तर त्यालाही मूळचाच जास्त आवडला होता.

त्याने शेवटच्या ओळीत आपलं नाव लिहिलं, सही केली आणि गार झालेला बाचोय खायला घेतला.