सुभेदार भावोजींची परीक्षा

कन्नड मुलखातल्या नजरबादेतले आमचे शेजारी सुभेदार भावोजी कुणाच्याही लग्नात पहिल्या पंगतीला बसत नाहीत. खांबाला टेकून नवरदेवावर नजर ठेवतात. नवरदेव वऱ्हाडाच्या आधी पानावर बसला, की माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "हा लेफ्टनंट चालायचा नाही, वैनी. आयतु, संपलं!"

भावोजी फौजेतून निवृत्त झाले त्याला जमाना लोटला. घरात एकटेच. पण तरुण माणूस दिसला, की त्याच्या मागून लढाईत जाता येईल का, हे ते आधी ठरवतात.

"जवानाला काय पाहिजे?" असं तेच विचारतात आणि उत्तरही तेच देतात. "साहेबानं जवानाच्या आधी जेवू नये. गोळ्या सुटल्या की आरडाओरडा करू नये. कुणाच्या घरी काय चाललंय ते ठाऊक पाहिजे. आणि ठाऊक नसेल, तर नाही म्हणावं. सुम्ने, उगाच रुबाब कशाला?"

या परीक्षेत आमच्या गल्लीतलं कुणी पास झालं नव्हतं. गणपती मंडळाचा अध्यक्ष माइकवर ओरडला म्हणून नापास. नवा डॉक्टर पेशंटचे सुजलेले पाय न बघताच गोळ्या लिहून देतो म्हणून नापास.

माझ्या लेकीला बघायला मूळ पुण्याचा मुलगा आला, तेव्हा वडीलधारे म्हणून भावोजींना बसवलं. मुलगा इथल्याच मेटगळ्ळीच्या कारखान्यात इंजिनिअर. चहा येण्याआधीच भावोजींनी विचारलं, "हाताखाली माणसं आहेत?"

"आहेत ना, काका."

"त्यांतल्या कुणाच्या घरी आजारपण आहे?"

मुलगा गडबडला. आईकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग म्हणाला, "ते मला माहीत नाही."

आता हा नापास, असं म्हणत मी चहा आणायला उठले. भावोजींनी मात्र त्याच्या गुडघ्यावर अशी थाप मारली, की पोरगा कळवळला. "नाही म्हणाला! वैनी, पेढे आणा!"

लग्नात त्या गुणी जावयानं शेवटची पंगत उठेपर्यंत घास घेतला नाही. त्याची आई अजून भावोजींशी बोलत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी संगमावर स्नानाला टी. नरसीपूरला निघाले, तर भावोजी म्हणाले, "मीपण येतो." स्नान काही त्यांनी केलं नाही. मला एका गल्लीतल्या घरी घेऊन गेले. आत एक थकलेल्या आजी बसल्या होत्या. भावोजींनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. भावोजींचा जो लेफ्टनंट लढाईत पडला, त्याच्या त्या आई.

दोघं कन्नडमध्ये बोलत होते. आजींनी विचारलं, "तुमच्यावर रागवायचा का हो तो? घरी फार तापट होता."

"कधीच नाही, अम्मा. एकदा, मी हवालदार असताना, वाळवंटात वाट चुकला. सगळ्यांसमोर म्हणाला, चूक माझी, हवालदार, आता तुम्ही सांगा कुठं जायचं. त्या दिवसापासून सगळी पलटण त्याची."

आजी हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

"मी होतो, अम्मा. हात हातात होता."

परतीच्या बसमध्ये भावोजींनी खिडकीची जागा घेतली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी नव्हतो त्याच्याजवळ, वैनी. आम्हाला मागं थांबा म्हणाला आणि स्वतः पुढं गेला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. मिशीसुद्धा धड फुटली नव्हती पोराला. आणि आम्ही थोराड माणसं हुकमासाठी त्याच्या तोंडाकडं बघत बसलो होतो."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

"दरवेळी विचारते म्हातारी. दरवेळी मी तेच सांगतो." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, नुसते निकालच सांगितले होते. "चालतं ना हो, वैनी, असं सांगितलेलं?"

"चालतं, भावोजी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आणि खिडकीकडे तोंड करून उपरण्यानं डोळे पुसले.