नेव्हिलचा वरचा सूर

नेव्हिल प्रॉक्टरचा वरचा सूर गुरुवारच्या तालमीत हरवला आणि त्याचा आळ सरळ नव्या कीबोर्डवर आला.

कुरांगी गावच्या सभागृहात नेव्हिल गेली कित्येक वर्षं एकच गाणं गात होता. शेवटी एक उंच सूर होता. तो लागला की बायका डोळे टिपायच्या आणि बाहेर मोटारीत ठेवलेली कुत्री भुंकायची. या खेपेला नेव्हिलनं छाती फुगवली, टाचा उचलल्या, आणि तोंडातून गंजलेल्या फाटकासारखा आवाज निघाला.

"हे यंत्र घशाला बाधतं!" तो कडाडला. "सुरात ऊबच नाही. फ्रिजमध्ये डोकं घालून गायल्यासारखं वाटतंय."

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," व्हायोलिनवाल्या बेव्हनं लगेच री ओढली. "पियानोला लाकूड असतं, जीव असतो. हा नुसता प्लास्टिकचा डबा. आणि पट्ट्या कसल्या गं त्या? चीजच्या फोडीवर बोट टेकवल्यागत."

"पट्ट्या जड-हलक्या करता येतात, बेव्ह. त्याला बटण आहे," कीबोर्डवर बसलेली नोरीन म्हणाली.

"आणि जीव घालायचं बटण कुठंय?"

नेव्हिल सभागृहाच्या समितीचा अध्यक्षही होता, त्यामुळे निकाल तिथल्या तिथे लागला. "दुकानदार तीस दिवसांत माल परत घेतो. शनिवारच्या कार्यक्रमात माझा सूर लागला तर ठीक. नाहीतर सोमवारी हा डबा परत, आणि पुढं मी मोबाइलवर साथ लावून गाईन."

जुन्या पियानोचा मागचा पाय वाळवीनं खाल्ला आणि तो ईस्टरच्या सुमारास बसल्या जागी आडवा झाला, तेव्हा सगळं गाव हळहळलं होतं. नोरीनला मात्र मनातून सुटल्यासारखं झालं होतं. त्या पियानोच्या पट्ट्या दाबायच्या म्हणजे कणीक तिंबण्यासारखं काम, आणि तिची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. नव्या कीबोर्डवर तिनं अख्खं वॉल्ट्झ न कळवळता वाजवलं, तेव्हा तिला रडूच आलं होतं. तो परत गेला की तिचं वाजवणंही गेलं.

रात्रभर विचार करता करता तिला तो पियानो जुळवणारा आठवला. वीस वर्षांपूर्वी तीनशे किलोमीटरवरून आला होता. म्हणाला होता, "बाई, उन्हाळ्यानं हा पार खाली उतरलाय. वर ओढला तर तारा तुटतील. आहे तिथंच आपापसात जुळवून देतो." तो चहा पिऊन गेला आणि ही गोष्ट सगळ्यांच्या डोक्यातून गेली. म्हणजे नेव्हिलचा तो जगप्रसिद्ध उंच सूर मुळात उंच नव्हताच. पियानोच खड्ड्यात होता, आणि नवा कीबोर्ड खऱ्या पट्टीत!

हे नेव्हिलला सांगणं म्हणजे म्हाताऱ्याची भर सभेत विजार उतरवणं. शुक्रवारी सकाळी नोरीन एकटीच सभागृहात गेली आणि सुराची पट्टी खाली करायचं बटण शोधू लागली. पहिल्या बटणानं सांबा सुरू झाला, दुसऱ्यानं टाळ्या, तिसऱ्यानं घोडा खिंकाळला. अखेर कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर उणे दोन दिसलं. आता वाजवायची नोरीन नेहमीसारखीच, पण आवाज निघायचा दोन पट्ट्या खालचा.

संध्याकाळी रंगीत तालमीत नेव्हिलचा सूर बाणासारखा सुटला. बाहेर कुत्री भुंकली.

"बघा, रुळला कीबोर्ड!" नेव्हिल खूश झाला.

"नव्या बुटासारखं असतं ते," बेव्ह म्हणाली. "आज लाकडाचा वास पण येतोय बघ आवाजाला."

नोरीनला आता आपल्या नवऱ्याचं वाईट वाटू लागलं होतं. कीथच्या अकॉर्डियनचे सूर पक्के बसवलेले, ते पियानोशी कधीच जुळले नव्हते. 'याला कान नाही' म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्याला सभागृहाच्या बँडमधून काढलं, त्यात नोरीनचाही हात वर होता. तेव्हापासून अकॉर्डियन चहाच्या टेबलाखाली आणि कीथ टेबलामागे.

शनिवारी सभागृह गच्च भरलं. पहिला भाग झकास झाला. मध्यंतरात लॅमिंग्टन केक आणि सॉसेज रोल यांचा फडशा पडला, आणि पुन्हा गर्दी होऊन पडदा उघडला. नेव्हिल पुढे आला, नोरीननं साथ धरली. दुसऱ्याच ओळीला नेव्हिलच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. नोरीननं दचकून कीबोर्डच्या पडद्याकडे पाहिलं. तिथं शून्य!

तिची नजर भिंतीकडे गेली. सभागृहात विजेचा प्लगपॉइंट एकच. चहाचं पाणी उकळायला कीथनं मध्यंतरात कीबोर्डची वायर काढली होती आणि शहाण्यासारखी परत लावली होती. वीज गेली तसं उणे दोनही पुसलं गेलं. आता बटणाला हात लावावा तर गाणं भर रस्त्यात कोलमडणार, न लावावं तर नेव्हिल कोलमडणार. तिनं रडवेल्या चेहऱ्यानं चहाच्या टेबलाकडे पाहिलं.

कीथनं तिच्याकडे पाहिलं, मग वायरीकडे, मग जांभळ्या पडलेल्या नेव्हिलकडे. तो टेबलाखाली वाकला. नेव्हिलनं टाचा उचलल्या, तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी सभागृहाच्या मागून अकॉर्डियननं असा काही हंबरडा फोडला की छताला लटकवलेल्या पताका हलल्या. नेव्हिलच्या तोंडातून काय निघालं, ते देवालाही ऐकू आलं नसेल.

"बंद कर ते, कीथ!" बेव्ह किंचाळली. लोकांनीही कागदी बशा फेकून मारल्या.

नेव्हिल रंगमंचाच्या कडेला आला. "आज कीबोर्डनं काय सुंदर साथ दिली, काय त्याची ऊब! माझा सूर तर आयुष्यात लागला नाही इतका वर लागला होता," तो थरथरत म्हणाला, "आणि या गाढवानं तो बुडवला! कीबोर्ड इथंच राहील. कीथनं मात्र या सभागृहात पुन्हा वाद्याला हात लावायचा नाही. मरेपर्यंत!"

कप विसळताना नोरीनचे डोळे भरून आले. "चोर सोडून संन्याशाला फाशी झाली रे. तुझा सूर अगदी बरोबर होता. तेव्हाही बरोबर होता. पियानोच खाली उतरलेला होता, आणि मी मूर्ख हात वर करून बसले."

"माहितीये मला," कीथ म्हणाला. "पहिल्याच तालमीत कळलं होतं."

"मग अकरा वर्षं तोंडाला कुलूप का घातलं होतंस?"

कीथनं कप पुसून उपडा ठेवला. "बोललो असतो तर तुम्ही मला परत घेतलं असतं की," तो म्हणाला. "आणि दर गुरुवारी नेव्हिलचं गाणं ऐकत बसावं लागलं असतं."