धूरवाला नातजावई

मला कोणी गप्प बसा म्हटलं की माझ्या जिभेला खाज सुटते. (शाळा सातवीत सुटली ती त्याच खाजेपायी.) त्या रविवारी माझ्या नातीला, ऋतिकाला बघायला दोंडाईच्याचे पाहुणे आमच्या नशिराबादला यायचे होते. आमच्या सौभाग्यवती पुष्पाबाईंनी सकाळपासून एकच धोशा लावला होता, "तुम्ही तोंड उघडू नका. तुमच्यापायी आधीच दोन स्थळं गेली."

म्हणून मी ठरवलं, एकच साधा प्रश्न विचारायचा. पाहुणे टेकले आणि विचारला, "पोरगा काय करतो?"

"पुण्याला व्हिडिओ गेम बनवतो," मुलाचे वडील प्रेमराजभाऊ म्हणाले. "गेम दिवाळीला येणार. ट्रेलर कालच आला."

"मग लावा की टीव्हीवर. तुम्ही मुलगी बघा, आम्ही मुलाचं काम बघतो."

पुष्पाबाईंनी कपाळाला हात लावला. मुलाने, भूपेंद्रने, मोबाइल टीव्हीला जोडला.

एक घोडेस्वार जळत्या गावातून सुसाट निघाला. दिसेल त्या घरात बुटांसकट घुसला, माठ फोडले, त्यातलं सोनं खिशात घातलं. घरमालक नुसता बघत उभा.

"हा निवडून आलेला दिसतो," मी म्हणालो.

भूपेंद्र हसला. प्रेमराजभाऊ हसले नाहीत. (ते माजी सरपंच, हे मला मागाहून कळलं.)

"यातलं तुम्ही काय केलं? घोडा?"

"नाही आबा. मागचा धूर."

"बठ्ठा धूर तुमनाच शे का?"

"बठ्ठा. सगळा माझाच," पोरगा मान खाली घालून म्हणाला.

"मग त्यासाठी पुण्याला कशाला? इथे भरताची वांगी भाजायला बसा. कपाशीच्या काड्या आमच्या."

प्रेमराजभाऊंनी अर्धा भरलेला कप खाली ठेवला. आमच्याकडे पाहुण्याने चहा अर्धा टाकला म्हणजे स्थळ गेलं. माझा मुलगा दीपक भिंतीकडे बघायला लागला. पुष्पाबाई माझ्याकडे. (मीही मग भिंतच धरली.)

तेवढ्यात पोह्यांच्या बश्या घेऊन आलेली ऋतिका टीव्हीकडे बघत म्हणाली, "धूर छान आहे. पण एवढ्या धुरातून गेला, तर हा खोकत कसा नाही?"

भूपेंद्रने मान वर केली. "खरंच की. घोडाही खोकायला हवा."

"घोडा आधी. त्याचं नाक मोठं."

झालं. दोघं खोकल्याविषयी जे बोलत बसले, ते पोहे गार होईपर्यंत. प्रेमराजभाऊंनी निवलेला कप उचलला आणि गुपचूप संपवला.

हे लग्न मीच जमवलं, असं मी गावभर सांगत सुटलो.

साखरपुड्याला भूपेंद्र नवा ट्रेलर घेऊन आला. खास माझ्यासाठी, म्हणाला. आता घोडा झकास खोकतो. गावाच्या वेशीवर बाजेवर एक म्हातारा बसलेला, टोपी माझी, मिशी माझी. घोडेस्वार जवळ आला की तो बोलायला लागतो आणि थांबतच नाही. माझी छाती फुगली.

"याला मारता येतं का?" प्रेमराजभाऊंनी मोठ्या आशेने विचारलं.

"नाही. पण हे बटण दाबलं की त्याचं बोलणं सोडून पुढे जाता येतं. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी आधी तेच दाबलं."

पुष्पाबाई एरवी रिमोटलासुद्धा हात लावत नाहीत. त्यांनी पदर खोचला, पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, हे बटण घरात बसवून मिळतं का?"