बाकावरचा गोडबोल्या

धडधाकट माणसाने दवाखान्यातल्या बाकावर आजारी म्हणून जाऊन बसू नये, एवढं शहाणपण शेंबड्या पोरालासुद्धा असतं. पण आरोग्य खात्यातल्या एका कारकुनाने ते आपणहून गहाण टाकलं, आणि तेही बायकोचा सल्ला ऐकून. (बायकोचा सल्ला चांगलाच होता. सल्ला चांगला असला म्हणजे तो पाळणाराही शहाणा निघतो असं नाही.)

झालं असं, की कारकुनाच्या साहेबांनी त्याला बोलावून, कागदावरून नजर न काढताच, फर्मान काढलं. आपल्या भागातल्या दवाखान्यांत लोकांना काय कमी पडतंय, ते लोकांच्या तोंडून हवं. शनिवारी जनतेची सभा आहे. खात्याकडे एक सिस्टर जादा आहे, पण एकच. जिथले लोक कुरकुरत असतील तिथे तिला पाठवू, जिथे सगळे खूश असतील तिथे कशाला पाठवायची?

हे ऐकून कारकुनाने कान टवकारले. त्याच्या आईच्या पायावर उकळतं पाणी सांडून जखम झाली होती आणि तिची पट्टी बदलायला रोज सकाळी गल्लीतल्याच दवाखान्यात जावं लागे. तिथे सिस्टर एक आणि माणसं पन्नास. सासूबरोबर सून जायची, आणि तिचं शिवणाचं मशीन दुपारपर्यंत मुकं पडायचं. गिऱ्हाइकं दारात येऊन आपापले न शिवलेले कपडे बघून परत जायची. बायकोने स्वच्छ सांगून ठेवलं होतं, दुसरी सिस्टर आली नाही तर पुढच्या आठवड्यापासून आईंना तुम्ही न्यायचं. कारकुनाचं आईवर प्रेम होतं, नव्हतं असं नाही. पण तिचा आवाज असा, की तिने कानात सांगितलेली गोष्ट कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कळावी. चारचौघांत तिच्याशेजारी सकाळभर बसायचं म्हणजे त्याच्या अंगावर काटाच यायचा.

म्हणून गडी जिद्दीने लोकांना विचारायला निघाला. आता हा माणूस कसा, तर घरी जेवताना मीठ कमी पडलं तर ते मागण्याऐवजी स्वयंपाक फक्कड झालाय म्हणणारा. तो अनोळखी दार वाजवून काय विचारणार, आणि लोक त्याला काय सांगणार? निवृत्त मास्तर म्हणाले, दवाखाना उत्तम आहे. भाजीवाली म्हणाली, काही तक्रार नाही बाबा. इस्त्रीवाल्याने आधी हे उलटून विचारलं की माझं नाव कुठे लागणार नाही ना, आणि मग तोही म्हणाला, झकास. एकाच संध्याकाळी अख्खी गल्ली समाधानी निघाली. लोकांचंही खरंच आहे म्हणा. उद्या ज्याच्या हातात सुई असणार, त्याच्याविरुद्ध आज कोण तोंड उघडेल?

तो पडक्या चेहऱ्याने घरी आला तेव्हा बायको दातांत टाचण्या धरून कापड मापत होती. टाचण्या न काढताच ती म्हणाली, "विचारून कोण सांगतं? मला तुमच्या बहिणींकडून काही काढून घ्यायचं असलं की मी मुद्दाम चुकीचं बोलते. दुरुस्त करायला तिघी धावत येतात. तुम्ही दवाखान्याचं कौतुक करा, मग बघा."

बोलणं त्याला एकदम पटलं. त्याने ठरवलं, सकाळी आई असते, तेव्हा आपण ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी जाऊन बाकावर बसायचं. दुखणं कोणतं घ्यावं यावर मात्र बराच विचार करावा लागला. ताप म्हटलं तर मोजतात आणि पोट म्हटलं तर दाबतात. शेवटी त्याने चक्कर निवडली, कारण चक्कर खरी की खोटी हे ज्याची त्यालाच ठाऊक.

मंगळवारी संध्याकाळी तो बाकाच्या टोकाला बसला, घसा साफ केला आणि छताकडे बघत म्हणाला, "बाक काय छान आहे. पाठीला टेकू नाही, त्यामुळे माणसाला ताठ बसायची सवय लागते."

झालं. काल ज्याच्या तोंडून 'झकास'पलीकडे शब्द निघाला नव्हता, तो इस्त्रीवाला गर्रकन वळला. दिवसभर उभं राहून कामं करणाऱ्याची कंबर काय असते हे त्याने मागच्या दोन पिढ्यांपासून सांगायला घेतलं. कारकुनाने मग संडासाची किल्ली रखवालदाराकडे असते हीसुद्धा कशी उत्तम सोय आहे ते सांगितलं. त्यावर भाजीवाली उसळली. रखवालदार चहाला गेला की किल्लीही चहाला जाते, आणि इथे माणसाचा जीव जातो, असं ती म्हणाली. मास्तरांचं दुखणं औषधाच्या खिडकीचं होतं, ती नेमका आपला नंबर आला की बंद होते. आणि कोपऱ्यात तोंडावर रुमाल धरून बसलेला एक सज्जन गृहस्थ हळूच म्हणाला, की दारातून मोठ्याने 'मूळव्याध कोण?' असं ओरडून बोलावू नये. माणसाला उठताही येत नाही आणि बसताही येत नाही.

कारकून खूश. एवढं मिळाल्यावर त्याने गुपचूप घरी येऊन ते साहेबांसाठी लिहून काढावं की नाही? पण घरात आणि ऑफिसात ज्याच्याशी वाद घालायचे कष्ट कोणी कधी घेतले नव्हते, त्याच्याशी आता अख्खा बाक भांडत होता. त्याला चटकच लागली. बुधवारी तो परत गेला आणि नळाला पाणी नसल्याने फरशी कशी कोरडी राहते यावर बोलला. गुरुवारी त्याने पंखा बंद असण्याचे फायदे सांगितले. एव्हाना लोकांनी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं. भाजीवालीने सरळ विचारलं, डॉक्टर तुला काय देतात रे? इस्त्रीवाला कंबर धरून उठला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

आता हे सगळं चाललं होतं ते डॉक्टरांच्या अर्धवट उघड्या दाराबाहेर. डॉक्टर बिचारे सकाळ-संध्याकाळ राबणारे, आणि कौतुकाचा शब्द त्यांनी पदवी घेतल्यापासून ऐकला नसावा. तीन संध्याकाळी त्यांच्या कानावर बाकाची, किल्लीची, पंख्याची स्तुती पडत होती. त्यांनी कारकुनाला आत घेतलं, तपासलं, चक्कर कुठेच सापडत नाही म्हणून त्याचं अभिनंदन केलं, आणि शनिवारच्या सभेत समाधानी रुग्ण म्हणून चार शब्द बोलायची गळ घातली.

इथे नाही म्हणायचं होतं. तोंड उघडायचं, दोन अक्षरं काढायची, आणि मिटायचं. पण कारकून म्हणाला, बरं.

घरी हे कळल्यावर बायको मशीनवरून उठली. आवाज न चढवता तिने विचारलं, "सगळं उत्तम आहे असं तुमच्याच तोंडून ऐकून साहेब सिस्टर कुठे पाठवतील?"

कारकून म्हणाला, तू घाबरू नकोस, युक्ती तीच आहे. मी तिथे इतकं कौतुक करीन की लोक खुर्च्या उचलतील. यावर बायकोने फक्त कात्री उचलली आणि दोरा कापला. (शहाणा नवरा अशा वेळी घाबरतो. हा निवांत झोपला.)

शनिवारी सभागृह भरलं. समोर टेबलामागे साहेब, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला उभ्या उभ्याच डुलकी आवरणारी सिस्टर. बाकावरची सगळी मंडळी न्हाऊनधुऊन, कडक इस्त्रीत आली होती. शेवटच्या रांगेत बायको आणि पाय लांब करून बसलेली आई. डॉक्टरांनी मोठ्या अभिमानाने समाधानी रुग्णाला पुढे बोलावलं.

कारकुनाने बाकाचं कौतुक केलं आणि वादळाची वाट बघत थांबला. वादळ आलं नाही. इस्त्रीवाला स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. कारकुनाने किल्लीचं कौतुक केलं. मास्तरांनी टाळी वाजवली. ती पाहून भाजीवालीने वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. खुर्चीवर साहेब बसलेला असला की बाकावरचा माणूस गोडच बोलतो, हे ज्ञान कारकुनाला त्या क्षणी झालं. वीस वर्षं तो स्वतः तेच करत आला होता, पण आपल्यासारखीच दुनिया असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

साहेब समाधानाने मान हलवत होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते म्हणाले, इथे लोक खूश दिसतात, ती सिस्टर मग दुसऱ्या भागाला देऊ.

कारकुनाने शेवटच्या रांगेकडे बघितलं. बायकोचे डोळे बघितले. घाबरलेला माणूस एकच गोष्ट करतो, आधी करत होता तीच आणखी जोरात. तो ओरडून म्हणाला, "दुसरी सिस्टर हवी कशाला? एक आहे ती पुरून उरते. माझ्याच आईचं घ्या. रोज सकाळी पट्टी बदलायला जाते ती सहलीला निघाल्यासारखी."

आई उठली. दुखऱ्या पायावर भार न देता, पुढच्या खुर्चीला धरून उठली.

"सहल? मेल्या, एक दिवस तरी आलास का माझ्याबरोबर?" आवाज थेट टेबलापर्यंत पोचला आणि साहेबांपुढचा पाण्याचा पेला हलल्याचा भास झाला. "तुझी बायको आपलं काम टाकून माझ्यापाशी बसते. आणि ती पोरगी बघ ती, उभी झोपलीय. माझी जखम उघडी ठेवून तिला रडत्या पोराकडे धावावं लागतं, तिकडून सुई टोचायला धावावं लागतं, आणि तोवर मी पायावरच्या माशा वारते. ती परत येते आणि मलाच म्हणते, आजी, माफ करा. ती कशाला माफी मागेल? माणूस एकच दिलंय तुम्ही. परवा तिचा डबा तसाच घरी परत गेला, मी डोळ्यांनी बघितला. पुरून उरते म्हणे. पुरून टाकाल तिला."

सिस्टरने खिशातली गॉजची पट्टी काढून नाक पुसलं.

आणि मग मास्तर उठले. सिस्टरसाठी बोलायला घाबरायचं कशाला, हे एकाला सुचलं आणि सगळ्यांना सुचलं. एकदा तोंडं उघडली ती उघडलीच, त्यात खिडकी आली, किल्ली आली, नळ आला. तो सज्जन गृहस्थही रुमाल खिशात घालून ताठ उभा राहिला आणि म्हणाला, ज्याला ओरडून बोलावतात तो मीच. लोकांनी त्याला बसायला जागा करून दिली. डॉक्टर आधी पांढरे पडले, मग म्हणाले, खरंय, मीही हे लिहून लिहून थकलो होतो. साहेबांनी टोपण काढलं आणि सोमवारपासून दुसरी सिस्टर इथेच, असं जाहीर केलं. यावेळच्या टाळ्या पहिल्यासारख्या नव्हत्या.

कारकुनाला वाटलं, सुटलो. तो हळूच दाराकडे सरकू लागला.

तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "सिस्टर येईल. पण उद्यापासून, पैसा खर्च न करता, काही सुधारणा करता येण्यासारखी आहे का?"

इस्त्रीवाला उठला. "आहे साहेब. या गोडबोल्याला बाकावर बसायला बंदी घाला. पेशंट आणखी आजारी पडतात."

डॉक्टरांनी वैद्यकीय दृष्टीने दुजोरा दिला. मंगळवारपासून संध्याकाळी येणाऱ्यांचा रक्तदाब चढलेला असतो, आणि कारण त्यांना आत्ता कळत होतं. साहेबांनी हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर गेले. बायकोचा गेला, त्यात मापाची टेप लोंबत होती. आईने खुर्ची सोडून दोन्ही वर केले.

कारकुनाने मान खाली घातली. साहेबांनी आजवर त्याला फायलींवर वाकलेलाच बघितला असल्यामुळे त्यांना तेव्हा कुठे ओळख पटली. "अरे, तुम्ही तर आपल्याच ऑफिसचे," ते म्हणाले. "बरं झालं. या, ठराव लिहून घ्या."

त्याने लिहिला. सुवाच्य अक्षरात, काना-मात्रा न चुकवता. खाली, अंमलबजावणीची जबाबदारी कोणाची, असं लिहायचं असतं. तिथे साहेबांनी त्याचंच नाव घालायला सांगितलं.