कासवाचा मणी

"हा घे, आणि आज कासवाला बांध," फत्हियाने नवऱ्याच्या न्याहारीच्या ताटाशेजारी एक निळा मणी ठेवला.

बस्यूनीचा हात घास तोंडाशी नेता नेता थांबला. "अगं, ते यंत्र आहे. पाळण्यातलं बाळ नाही."

"यंत्राला दृष्ट लागत नाही वाटतं? काल हाजी शहाता काय म्हणाला, तूच सांगितलंस ना?"

शहाता म्हणाला होता ते एवढंच, की 'वा! भिंतीवर काय सरसर चढतं हो हे!' पण त्याला दृष्ट टाळणारं 'माशाअल्लाह' जोडायला तो विसरला, आणि संध्याकाळच्या आत यंत्राचं एक चाक निखळलं. शहाता तसा देवमाणूस. हजला जाऊन आलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त नजर अशी, की दगडाला तडा जावा. रिफायनरीच्या कँटीनमध्ये नवा फ्रिज आला तेव्हा त्याने 'पाणी काय गार करतो!' म्हटलं, आणि फ्रिज जो झोपला तो आजतागायत उठलेला नाही. रिफायनरीचे मुदीर, म्हणजे मोठे साहेब, शुक्री बे तर तो समोरून येताना दिसला की आपल्या गाडीला पाठीशी घालून उभे राहतात.

आणि आज कासवाची परीक्षा होती. कासव म्हणजे चुंबकाच्या चाकांचं, सुटकेसएवढं यंत्र. ते तेलाच्या रिकाम्या टाकीत शिरून भिंतीवर चढायचं, पत्र्याची जाडी मोजायचं, चित्रं पाठवायचं. आजवर हे काम बस्यूनी आणि शहाता करत आले होते. तोंडावर मुखवटा, पाठीवर हवेचं नळकांडं, आणि टाकीच्या छताजवळच्या कड्याला दोर बांधून दोघं कोळ्यासारखे लोंबकळायचे. दोन वर्षांपूर्वी आत राहिलेल्या वायूने बस्यूनीला घेरी आली आणि त्याला ओढून बाहेर काढावं लागलं. तेव्हापासून तो टाकीत उतरला, की फत्हिया दिवसभर फोन हातातून खाली ठेवत नसे.

कासव पास झालं तर शुक्री बे ते विकत घेणार होते आणि बस्यूनीला ते चालवायचं काम मिळणार होतं. नापास झालं तर उद्या सकाळी पुन्हा मुखवटा, पुन्हा दोर.

"बांधशील ना?" फत्हियाने विचारलं.

बस्यूनीने मणी खिशात टाकला.

टाकीच्या दाराशी इंजिनीअर नश्वा हातात यादी घेऊन उभीच होती. वयाने लहान, पण नियमाच्या बाबतीत बापालाही न सोडणारी. "अंगठी, लायटर, फोन, तावीज, काहीही आत जाणार नाही. बस्यूनीकाका, तुमच्याकडे काही?"

"माझ्याकडे काय असणार, पोरी?" बस्यूनी म्हणाला. ते खोटंही नव्हतं, कारण मणी एव्हाना कासवाकडे होता. चाक बघायच्या मिषाने त्याने तो काळ्या दोऱ्याने कॅमेऱ्याच्या मागे, कुणाला दिसणार नाही असा बांधला होता.

कासव आत गेलं. बाहेर तंबूत सगळे पडद्यासमोर बसले. चहा आला. बस्यूनीने रिमोटचा खटका ओढला आणि कासव भिंतीवर चढू लागलं. पत्रा, सांधा, पुन्हा पत्रा, सगळं स्वच्छ दिसत होतं. छताजवळचं जुनं कडंसुद्धा आलं.

"हेच ते माझं कडं!" शहाता खूष होऊन म्हणाला. "बारा वर्षं याला लोंबकळलोय. आणि हे बघा, हे यंत्र किती मस्त..."

"हाजी, चहा घ्या! निवतोय!" तिघं एकदम ओरडले.

शहाताचं तोंड ग्लासात गेलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बस्यूनीने कासव वळवलं आणि खाली उतरवायला सुरुवात केली.

आता, वर चढताना दोऱ्याला बांधलेला मणी खाली, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागेच लोंबत होता. पण कासवाने डोकं खाली केल्यावर मणी लोंबणार कुठे? पुढेच! हे ना फत्हियाच्या लक्षात आलं होतं, ना बस्यूनीच्या.

पडद्याच्या मधोमध एक गोल, निळाशार ठिपका उमटला.

शुक्री बे ताडकन उठले. "भोक! अरे, पत्र्याला भोक आहे! पलीकडचं आकाश दिसतंय!"

"थोडं पुढे घ्या, काका," नश्वा म्हणाली.

पुढे घेतलं. तिथेही भोक. डावीकडे घेतलं, भोक. उजवीकडेही तेच.

"ही टाकी आहे का चाळणी?" शुक्री बेंनी डोक्याला हात लावला. "आणि गेल्या वर्षी 'टाकी ठणठणीत' म्हणून सही कुणी केली?"

सही शहाता आणि बस्यूनी दोघांची होती. "साहेब, मी हातोडीने इंचन् इंच ठोकून पाहिलंय!" शहाताचा चेहरा लालबुंद झाला. "उद्या दोर बांधतो आणि भोक कुठे आहे ते बोट घालून दाखवतो."

"जाडी तर पुरेपूर येतेय," नश्वा आकडे बघत पुटपुटली. "माप म्हणतं पत्रा जाड, कॅमेरा म्हणतो भोक."

"म्हणजे यंत्र थापा मारतंय," शुक्री बे म्हणाले. "नको ती ब्याद. गुंडाळा. उद्या माणसं आत जातील."

बस्यूनीला केव्हाच सगळं उमगलं होतं. बोलावं तर नोकरीवर बेतणार. गप्प बसावं तर उद्या टाकीत, आणि घरी फत्हिया फोन धरून बसलेली. खटका सोडून तो उभा राहिला.

"साहेब, ते आकाश माझ्या बायकोचं आहे."

शुक्री बे त्याच्याकडे वळले.

"काय म्हणालास?"

"मणी आहे, साहेब. निळा. तिने दिला, मी बांधला. मला काढायचं तर काढा, पण यंत्राला नावं ठेवू नका."

नश्वाने हातातली यादी टेबलावर आपटली. "तावीज! मी सकाळी घसा फोडून काय सांगत होते? काका, तुम्हीसुद्धा?"

शुक्री बे मात्र वेगळ्याच विचारात पडले होते. "कुणाच्या नजरेसाठी बांधला?" त्यांनी हळूच विचारलं.

सगळ्यांची मान आपोआप एकाच दिशेला वळली. शहाता चहाचा ग्लास धरून भोळेपणाने इकडेतिकडे बघत होता.

"हं," शुक्री बे म्हणाले. त्यांनी टेबलावरची गाडीची किल्ली उचलून खिशात घातली, कारण तिलाही एक निळा मणी लटकत होता. "चूक झाली हे खरं. पण माणूस समजू शकतो. मणी काढा आणि पुन्हा चढवा."

कासव बाहेर आणलं. मणी सुटून बस्यूनीच्या खिशात गेला. कासव पुन्हा चढलं, कड्यापाशी पोचलं, वळताना त्याचं चाक कड्याच्या बुडाला जरा घासलं, गंजाचा एक जाड पापुद्रा सुटून खाली पडला, आणि पडद्यावर पुन्हा तोच गोल निळा ठिपका.

शुक्री बे हसत सुटले. "बस्यूनी! अरे, बायकोने दिले तरी किती मणी?"

बस्यूनीने खिशात हात घातला आणि मूठ उघडून दाखवली. मणी तळहातावर होता.

हसणं जागच्या जागी थांबलं. नश्वाने स्वतः खटका हातात घेतला. कासव उजवीकडे सरकवलं, ठिपका गेला. परत आणलं, ठिपका हजर. मण्याचं आकाश कासवाबरोबर फिरत होतं. हे मात्र जागचं हलेना.

"हे खरं भोक आहे," ती म्हणाली. "आणि आजूबाजूचा पत्रा पापडासारखा झालाय. ते कडं नुसतं गंजावर टिकलंय, काका. एका माणसाचंही वजन पेललं नसतं."

शहाताने हातातला ग्लास खाली ठेवला. कासव गुंडाळलं असतं, तर उद्या सकाळी पहिला दोर त्यानेच बांधला असता. तो उठला, पडद्याजवळ गेला, आणि डोळे पुसत म्हणाला, "काय यंत्र आहे हो..."

तिघांनी श्वास रोखला.

"...माशाअल्लाह," शहाता म्हणाला. "माशाअल्लाह, माशाअल्लाह."

कासव त्याच दुपारी विकत घेतलं गेलं. संध्याकाळी बस्यूनी घरी पोचला तेव्हा फत्हिया दारातच उभी होती. त्याने सगळं सांगितलं. 'आता आत जायचं नाही' हे ऐकताच ती ओढणीत तोंड लपवून रडली. मग बऱ्याच वेळाने तिने फोन फळीवर ठेवला आणि जेवायला वाढलं.

"आणि माझा मणी?" वाढता वाढता तिला आठवलं.

"शहाताने मागून घेतला. गळ्यात घातलाय त्याने."

"शहाताने? अरे, सगळ्या गावाला ज्याची दृष्ट लागते, त्याला मणी कशाला?"

"म्हणाला, आज थोडक्यात वाचलोय, आता जिवाला जपायला हवं," बस्यूनी भाकरी मोडत म्हणाला, "आणि उद्या सकाळी दाढी करताना आरशात बघावंच लागेल."